सोसायटीतला पावसाच्या पाण्याचा खड्डा: बुजवायचा, तळं करायचं की नीट करून घ्यायचा? (बडोदा)

वाघोडियारोडकर

नमस्कार मंडळी. बडोद्यात वाघोडिया रोडच्या बाजूला आमची सोसायटी, साधारण २ हेक्टरचा प्लॉट. मागच्या कोपऱ्यात बिल्डरने एक मोठा खड्डा करून दिलाय, अंदाजे ४३ बाय २७ मीटर, सहा फूट खोल, चारी बाजूंनी सरळ दगडी भिंती. सगळ्या गच्च्यांचं आणि रस्त्यांचं पाणी तिथे येतं आणि तळाच्या एका पाइपातून मागच्या कांसात जातं (बाहेरगावच्यांसाठी: कांस म्हणजे आमच्याकडचा नैसर्गिक नाला, पुढे विश्वामित्रीला मिळतो). कागदावर त्याला डिटेन्शन बेसिन म्हटलंय. आम्ही सगळे आजवर त्याला नुसता खड्डाच म्हणत आलो.

गेल्या जुलैत काय झालं ते सांगतो. दुपारी जोरात पाऊस येऊन उघडला होता, खड्ड्यात कमरेच्या वर पाणी, मुलं बाजूला क्रिकेट खेळत होती. चेंडू पाण्यात गेला आणि आमच्या चौकीदाराचा मुलगा, सात-आठ वर्षांचा, भिंतीवरून वाकला आणि पडला. पाणी वरून अगदी शांत दिसत होतं पण तो हळूहळू पाइपाच्या बाजूलाच ओढला जात होता, माळीदादांनी पाण्यात उतरून त्याला दंडाला धरून खेचला म्हणून वाचला. दोन्ही गुडघे सोलवटून निघाले होते. त्याची एक चप्पल पाइपात गेली ती दुसऱ्या दिवशी कांसाच्या काठावर गाळात सापडली. ती चप्पल हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो, तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये.

आता जूनच्या आत काहीतरी करायचं असं कमिटीने ठरवलंय पण एकमत होत नाही. काही म्हणतात बुजवून टाका, पार्किंग होईल. काही म्हणतात खाली प्लास्टिक अंथरून कायमचं तळं करा, कारंजं लावा, सोसायटीची शोभा वाढेल. आणि तिसरा गट म्हणतो काटेरी तारा मारा आणि विषय संपवा. मला यातलं काही कळत नाही, मी बँकेत आहे. कुणाला अनुभव असेल तर कृपया मनापासून सांगा.

जुना ओव्हरसियर

पूर्ण नोकरी ड्रेनेजमध्ये गेली माझी, त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, बुजवू नका. का ते हिशेबाने सांगतो. २ हेक्टरवर १०० मिमी पाऊस पडला म्हणजे २,००० घनमीटर पाणी. तिथे शेत होतं तेव्हा त्यातलं ढोबळ मानाने ३० टक्के वाहून जायचं, बाकीचं जमीन प्यायची. आता काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक, ८० टक्के वाहतं. म्हणजे ६०० च्या जागी १,६००. हे वरचे १,००० घनमीटर तुमच्या बांधकामामुळे तयार झालंय, ते काही तास आपल्याच अंगणात धरून ठेवायचं आणि कांसाला झेपेल तसं सावकाश सोडायचं, एवढ्याचसाठी तो खड्डा आहे. बुजवलात तर तेच पाणी खालच्या वस्तीत, लोकांच्या चुलीपर्यंत जाणार. आणि तुमच्या बेसमेंटमध्येही.

दुसरी गोष्ट, तो मुलगा पाइपाकडे का ओढला गेला. पाइप किती मिमीचा आहे लिहिलं नाहीत, मी ४५० धरतो. त्याच्या मध्यापासून वर १.२ मीटर पाणी असेल आणि पाइपाचं तोंड एखाद्याच्या अंगाने पूर्ण बंद झालं, पलीकडून पाइप रिकामा असेल, तर त्या अंगावर जवळपास १९० किलोचा दाब बसतो. दोन धडधाकट माणसं मिळूनसुद्धा ते मूल ओढून काढू शकत नाहीत. आणि हे वरून दिसत नाही, पाणी संथच वाटतं, फार तर एखादा भोवरा. म्हणून सगळ्यात आधी त्या तोंडाचा बंदोबस्त, बाकी तारा-कुंपण नंतर.

आता उघड्या तोंडावर सपाट जाळी ठोकून मोकळे होऊ नका, बरेच ठिकाणी तेच करतात. सपाट जाळीवर पानं आणि प्लास्टिक चिकटतं, पाणी तुंबतं आणि त्यात माणूस आला तर तोही त्या जाळीलाच चिकटतो. जाळी तिरकी हवी, तोंडापासून पुढे आलेली, पिंजऱ्यासारखी, म्हणजे पाण्याचा जोर माणसाला वर ढकलतो आणि तो तिच्यावरून चढून बाहेर येऊ शकतो. आणि मोठी हवी. अमेरिकेत डेन्व्हरच्या पूरनियंत्रण खात्याचं या विषयावरचं मॅन्युअल फार चांगलं आहे, त्यात जाळीचं क्षेत्रफळ तोंडाच्या किमान चौपट सांगितलंय आणि तोंड लहान असेल तर त्याहून कितीतरी जास्त. जाळी मोठी म्हणजे तिच्यातून जाणारं पाणी मंद, पाणी मंद म्हणजे ओढ कमी. आपल्याकडे केंद्राचं पावसाळी ड्रेनेजचं मॅन्युअल २०१९ साली आलंय, तुमच्या इंजिनिअरला ते काढून वाचायला सांगा.

तिसरं, त्या सरळ भिंती. सहा फुटी सरळ भिंतीच्या खड्ड्यातून पोहता येणारा मोठा माणूससुद्धा बाहेर येऊ शकत नाही, हाताला धरायला काही नसतं, शेवाळावरून पाय घसरतो. उतार १ ला ४ करा, म्हणजे एक फूट खोलीला चार फूट आडवं. पडलेलं मूल त्यावर बसतं, बुडत नाही, रांगत बाहेर येतं. चारी बाजूंना करायला जागा पुरणार नाही, तर कांसाकडची भिंत तशीच ठेवा, तिच्यावर कठडा घाला आणि बाकी तीन बाजू आतून मातीने भरून उताराच्या करा. तळातही फूटभर भर घाला. वरचा एक फूट कायम रिकामा सोडायचा आणि मध्ये १.२ मीटर पाणी, असं धरून मी आत्ता कागदावर गणित केलं, तरी १,००० घनमीटरच्या आसपास बसतंय. म्हणजे काम भागतं.

काटेरी तारा नकोत. मुलं त्यातूनही जातात, आणि वेळ आली तर वाचवणारा बाहेर अडकतो. कुंपण घालायचंच तर चार फुटी, उभ्या गजांचं, पाय ठेवायला आडवी पट्टी नाही असं, आणि फाटक आपोआप मिटणारं.

मांजलपूरचा

काकांनी सगळं सांगितलंच आहे, पण बडोद्याची एक खास अडचण राहिली. मगर.

आमच्या ओळखीतल्या एका सोसायटीत असाच खड्डा आहे, पाइप कांसात उघडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, आठवत असेलच सगळ्यांना, त्या दिवसांत कांसाचं पाणी पाइपातून उलटं आत आलं. खड्डा पावसाने नाही, मागून भरला. पाणी उतरल्यावर माळ्याला गाळात शेपटीचा रेघोटा दिसला आणि चार हातांवर साडेतीन-चार फुटी मगर, गाळाच्याच रंगाची, डोळे तेवढे वर. वनखात्याचे लोक येऊन घेऊन गेले. मादी उन्हाळ्यात काठावर अंडी घालते आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर पडतात, त्यामुळे नेमकं खड्डे भरायच्या वेळीच ती इकडेतिकडे पसरलेली असतात. कुणी काठी-दगड घेऊन मागे लागू नका, कायद्याने पूर्ण संरक्षित प्राणी आहे आणि घाबरली की ती जास्त धोकादायक. लांब उभं राहून वनखात्याला फोन.

उपाय म्हणजे पाइपाच्या कांसाकडच्या टोकाला फ्लॅप व्हॉल्व. बिजागरीचं झाकण असतं, आतून पाणी आलं की उघडतं, बाहेरून दाब आला की बंद. पाणीही अडतं, मगरही अडते. पण दर पंधरा दिवसांनी जाऊन हाताने हलवून बघावं लागतं, एक फांदी अडकली की ते उघडंच राहतं आणि कुणाला पत्ता नसतो.

जुना ओव्हरसियर

मांजलपूरकरांचा मुद्दा अगदी बरोबर आहे, मी लिहायला हवा होता. त्याला जोडून एक. नदी चढलेली असताना झाकण बंद राहणार म्हणजे तुमच्या खड्ड्याला वाटच नाही. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळपास ५०० मिमी पाऊस झाला, तुमच्या प्लॉटवर तेवढ्याचे १०,००० घनमीटर होतात. कुठलाही सोसायटीचा खड्डा ते धरू शकत नाही आणि धरायची अपेक्षाही नाही. म्हणून सांडवा लागतो. वरच्या काठाला एका ठरावीक जागी फूटभर खोल, रुंद, दगडी पिचिंग केलेली खाच, म्हणजे भरून वाहायला लागलं तर ते कुठून वाहणार हे आपण ठरवलेलं असतं. ते लॉनकडे जाऊ दे, बाहेरच्या गटाराकडे जाऊ दे, पण ट्रान्स्फॉर्मर, मीटर रूम आणि बेसमेंटच्या रॅम्पकडे नाही. एकदा टँकरचं पाणी सोडून बघा कुठे जातंय ते. डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

जुन्या लोकांना हे कळत होतं. आपल्या सूरसागराला जमिनीखालून दरवाजे आहेत, तळं भरून आलं की पाणी विश्वामित्रीला सोडायची सोय. शहराच्या मधोमध पाणी साठवायचं तर त्याला जायची वाट आधी, हे तेव्हाही ठरलेलं होतं.

वाघोडियारोडकर

काका, दादा, खूप खूप आभार. काल रात्री वाचलं आणि आज सकाळी माळीदादांना घेऊन खड्ड्यात उतरलो, आता कोरडा ठणठणीत आहे. पाइप ४५० चाच निघाला. आणि एक गोष्ट दिसली. पाइपाच्या तोंडाभोवती सिमेंटमध्ये चार बोल्ट आहेत, गंजलेले, दोनांवर नट अजून आहेत. म्हणजे तिथे काहीतरी बसवलेलं होतं. ऑफिसमधून जुने नकाशे काढले तर त्यात त्या जागी लोखंडी पत्रा दाखवलाय, मध्ये १५० मिमीचं भोक.

मग चौकशी केली. पहिल्या पावसाळ्यात पाणी एक दिवस थांबलं म्हणून लोकांनी तक्रार केली, डास होतील, वास येईल, आणि त्या वेळच्या कमिटीने पत्राच काढून टाकला. पाणी लवकर जायला लागलं, सगळे खूश. पत्रा जिन्याखाली पडलेला आहे, मी आज बघितला. म्हणजे आमच्याच हाताने झालं का हे?

जुना ओव्हरसियर

तो पत्राच तुमच्या बेसिनचा जीव होता. तो काढला त्या दिवसापासून तुमचा खड्डा पाणी धरतच नाहीये, नुसता वाटेतला थांबा झालाय, कांसावर पूर्ण लोंढा जातोय. १५० च्या भोकातून १.२ मीटर पाणी असताना सेकंदाला जवळपास ५० लिटर जातं, मी सांगितलेल्या उताराच्या आकाराचा भरलेला खड्डा १० तासांच्या आसपास रिकामा होतो. त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही.

आणि सुरक्षेचं बघा. मघाचे १९० किलो म्हणालो ते ४५० च्या तोंडाला. १५० च्या भोकावर तेवढंच पाणी असताना दाब येतो २१ किलोच्या आसपास. तरी पुढे तिरकी जाळी लागणारच, हात-पाय अडकू शकतो, आणि छोटं भोक एका दुधाच्या पिशवीनेही बंद होतं. जाळीच्या गजांमधलं अंतर भोकापेक्षा बरंच कमी ठेवा, दोन इंच ठीक.

तुम्ही त्या वेळी कमिटीत नव्हता, आणि जे होते त्यांनाही कुणी समजावून सांगितलं नव्हतं. बिल्डरने नकाशा दिला पण हा पत्रा कशासाठी आहे हे सांगणारं एक पान दिलं नाही, माझा राग त्यावर आहे. तुम्ही ते पान लिहा आणि लॅमिनेट करून ऑफिसात लावा.

सुभानपुऱ्याची बागवाली

मी तीन सोसायट्यांच्या बागा बघते त्यामुळे देखभालीचं मी सांगते, कारण खड्डा कितीही चांगला बांधला तरी पाच वर्षांत तो माळ्याच्या हातातच असतो.

डासांची भीती लोकांना सगळ्यात जास्त असते आणि ती खोटी नाही, पण अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्याकडच्या उन्हात सात ते दहा दिवस लागतात. पाणी दोन-तीन दिवसांत पूर्ण निघून गेलं तर डास होऊच शकत नाही. होतो तो राहिलेल्या डबक्यात. म्हणून तळाला पाइपाकडे थोडा उतार हवा आणि गाळ साचून मध्ये बशीसारखे खोलगट भाग होतात ते दर वर्षी भरून काढायचे. पाणी जिथून आत येतं तिथे एक छोटा वेगळा हौद करून घ्या, जाड गाळ आणि कचरा तिथेच बसतो, मग अख्खा खड्डा उपसावा लागत नाही. त्यात एक रंगवलेली पट्टी उभी करा, गाळ अर्ध्यावर आला की काढायचा, त्यासाठी मीटिंग बोलवावी लागू नये.

उतारावर हरळी लावा, काठाने वाळा लावा, वाळ्याची मुळं खूप खोल जातात आणि माती धरून ठेवतात. पण कांसाकडच्या मातीच्या पाळीवर (म्हणजे बांधावर) झाड नको, एकही नको. पिंपळ-वड आपोआप उगवतात, बोटाएवढे असताना उपटा. झाड मोठं झालं की मुळांच्या वाटेने पाणी झिरपतं आणि झाड मेलं की मुळाची पोकळी राहते. घुशींची बिळंही तशीच. आमच्याकडे एका पाळीला बाहेरच्या अंगाला सारखी ओल दिसायची. स्वच्छ पाणी पाझरत होतं तोपर्यंत आम्ही नुसतं लक्ष ठेवलं. एके दिवशी तेच पाणी चहासारखं गढूळ यायला लागलं, म्हणजे आतली माती वाहून यायला लागली होती. त्याच दिवशी पाणी कमी करून खणलं, तर पाइपाच्या बाजूने हात जाईल एवढी पोकळी निघाली. हे तुमच्या चौकीदाराला शिकवून ठेवा, स्वच्छ पाझर आणि गढूळ पाझर यातला फरक. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा मे महिन्यात पाळीवरून एकदा चालत जाऊन भेगा बुजवा.

आणि हात जोडून एक सांगते. पावसात जाळी तुंबली की कुणीतरी माळ्याला म्हणतं, जा रे जरा काढ. भरलेल्या खड्ड्यात जाळीजवळ माणूस उतरवायचा नाही. लांब दांड्याचा पंजा ठेवा, काठावरून ओढायचं, तेही दोघांनी. आणि झाकणाच्या चेंबरमध्ये तर अजिबात नाही. पावसाच्या पाण्याची लाइन असते म्हणतात पण कुणी ना कुणी संडासाची जोडणी गुपचूप त्यात दिलेली असते, आत गॅस साठतो, वास येईलच असं नाही. साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण कायद्याच्या आधी तो माणूस आहे.

तळंप्रेमी

सगळं पटलं तरी तळ्याची कल्पना एवढी वाईट का? पाणी जमिनीत मुरेल, पक्षी येतील. बडोद्यात तळी बुजवून बुजवूनच पूर वाढले असं आपणच म्हणतो ना.

सुभानपुऱ्याची बागवाली

कल्पना वाईट नाही, मलाही पाणी आवडतं. पण यांची कमिटी प्लास्टिक अंथरून तळं करणार आहे, त्यात मुरायचं काय? आणि कायम भरलेल्या खड्ड्यात पावसाचं नवीन पाणी मावणार कुठे, रिकामी जागा हेच तर त्याचं काम. कायम पाणी ठेवायचं तर तेवढी खोली वेगळी वाढवावी लागते, काठाशी पाण्याखाली फूटभरावर आठ-दहा फूट रुंद सपाट पायरी लागते म्हणजे पाय घसरला तर तिथेच उभं राहता येतं, आणि मगरीला कायमचं घर मिळतं ते वेगळं. यांच्याकडे एवढी जागाच नाही.

मांजलपूरचा

आणि कारंजं म्हणजे पाण्यात वीज. करणार असाल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) लावल्याशिवाय नाही, खड्ड्यात तात्पुरता पंप सोडतानासुद्धा. २०२४ ला पाणी उपसताना लोकांनी चिकटपट्टीचे जोड मारलेल्या वायरी पाण्यातून नेलेल्या मी स्वतः बघितल्यात.

शिवाय काठाला हवा भरलेली एक ट्यूब आणि दोरी टांगून ठेवा, कुलूप न लावता, आणि एक लांब बांबू. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हात हलवत नाही, गप्प खाली जातं. त्यामुळे पाऊस उघडल्यावर तासभर तिथे कुणीतरी उभं असणं हेच खरं.

वाघोडियारोडकर

काल मीटिंग झाली. मी हा सगळा धागा प्रिंट काढून नेला होता आणि तो पत्राही उचलून टेबलावर ठेवला. बुजवायचा विषय संपला. तारांचाही. तळ्यावर थोडी वादावादी झाली पण बागवाली ताईंचं "मावणार कुठे" वाचून दाखवलं तेव्हा बहुतेकांना पटलं. ठरलंय ते असं: जाळी, पत्रा आणि फ्लॅप मेअखेर, उतार आणि सांडव्यासाठी इंजिनिअर नेमायचा, खर्च जास्त आला तर या वर्षी निदान खेळायच्या बाजूचा उतार. तोपर्यंत उभ्या गजांचं कुंपण.

चौकीदार मागे उभा होता, मीटिंग संपल्यावर त्याने विचारलं की पाऊस उघडल्यावर उभं राहायचं ते मी राहू का. मी म्हटलं आपण पाळ्या लावू, एकट्यावर नाही टाकायचं, माझं नाव पहिलं लिहिलंय.

काका, तुम्ही शहरातच आहात असं वाटतंय. जाळी बसवायच्या आधी एकदा येऊन बघाल का? गाडी पाठवतो.

जुना ओव्हरसियर

येतो की. गाडी नको, मी कारेलीबागेत राहतो, स्कूटर आहे. रविवारी सकाळी ७ ला येतो, ऊन व्हायच्या आत. मोजायची टेप, लेव्हल ट्यूब आणि तो नकाशा काढून ठेवा, माळीदादांना थांबायला सांगा, पाणी कुठून कसं येतं ते त्यांनाच जास्त माहीत असणार. आणि चेंबरचं झाकण मी येईपर्यंत कुणी उघडू नका.